साक्षीच्या काचा

४ सप्टेंबर, गुरुवार

त्या भिंतीचं काहीतरी करायलाच हवं. आज वाचनालयातून आले, दार उघडलं, आणि समोर तीच! नवं घर म्हणून जरा बरं वाटेल म्हटलं तर भिंतच अंगावर येते.

भिंत म्हणजे कमान. पूर्वी इथून पलीकडच्या घरात जायला मोठं दार असणार. घराचे दोन भाग केले तेव्हा विटा रचून ते बुजवलं. बुजवलं ते बुजवलं, वर प्लास्टरची वेलबुट्टी, मधे खोटे दगड रंगवलेले, दगडांना सोनेरी कडा. आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून त्यावर सात काचा. बोटभर रुंद, वीतभर लांब, दोन्ही टोकांना पांढरे गोळे थापून आडव्या बसवलेल्या. प्रत्येकीखाली पेन्सिलीनं आकडा आणि तारीख. कसली ही हौस!

मावशी म्हणाली, "भिंतीनं दात बसवून घेतलेत. काही सोन्याचे, काही काचेचे."

हसले, पण हसून भागणार नाही. संस्थेतून दत्तक घ्यायची आहे त्या भिंगरीची हीच खोली व्हायची आहे. २९ला संस्थेच्या बाई शेवटच्या भेटीला येणार. त्यांनी खोली बघून सही केली की पोरगी माझी. नाही केली तर — १२ ऑक्टोबरला मला पंचेचाळीस पूर्ण होतात आणि संस्थेच्या नियमानं त्यापुढे एकट्या बाईला मूल देत नाहीत. म्हणजे ही एकच संधी. दुसरी नाही.

मागच्या भेटीत बाई म्हणाल्या होत्या, "जागा ठीक आहे, पण ही खोली जरा… उदास वाटते हो." तो शब्द त्यांनी वहीत लिहिलेला मी उलटा वाचला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

घरमालकीणबाईंना फोन केला. भिंत फोडायची नाही, खिळा मारायचा नाही, रंग लावायचा नाही. हे सगळं करारात आहेच, त्यांनी पुन्हा वाचून दाखवलं. मग मी म्हटलं, त्या काचा तरी काढू का?

आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "त्या नका काढू. त्या साक्षीच्या काचा आहेत. ह्यांनी बजावून ठेवलंय, साक्षीला हात लावायचा नाही. आता ह्यांना बोलता येत नाही, अर्धं अंग गेलंय. पण तेवढं मी पाळते."

मी विचारलं, झाकल्या तर?

"झाका की. झाकायला कोण नाही म्हणतंय?"

साक्षी कोण ते विचारायचा धीर झाला नाही. मुलगी? नात? तो आवाज ऐकल्यावर कुणी विचारणार नाही.

मावशीला सांगितलं. तीस वर्षं टेलिफोन खात्यात दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेली बाई, तिला सगळं आवाजावरून कळतं. तीही म्हणाली, "काही विचारू नकोस. माणसं एकेक गोष्ट जपून ठेवतात."

७ सप्टेंबर, रविवार

काचांच्या तारखा नीट वाचल्या. खालची पहिली, मग दोन-दोन महिन्यांनी एकेक वर. सगळ्यांत वरची तीन वर्षांपूर्वीची. त्यानंतर काही नाही.

वरच्या काचेला माझाही हात पोचत नाही. पोरीला कुणीतरी उचलून धरलं असेल. काच बसवून झाल्यावर तिनं टाळ्या वाजवल्या असतील. आणि मग तीन वर्षं काहीच नाही.

किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे. मी या भिंतीला नावं ठेवत होते त्याची लाज वाटली.

ठरलं. कापड लावायचं, पण काचांना धक्का न लावता. एकेका काचेभोवती पुठ्ठ्याची चौकट करीन, म्हणजे कापड वरून जाईल आणि आत काच सुखरूप राहील. चिकटवायला खळ. पंचवीस वर्षं वाचनालयातली पुस्तकं बांधते आहे, खळीसारखी सज्जन वस्तू दुसरी नाही. घट्ट धरते, आणि ओल्या फडक्यानं पुसलं की निघून जाते, मागे डाग नाही. भाडेकरूनं असंच असावं असं घरमालकांना वाटत असणार!

९ सप्टेंबर, मंगळवार

खळ शिजवली. मोरचूद घातला, म्हणजे झुरळं येणार नाहीत. मावशी नाक मुरडून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. "पोर येणार म्हणून घर सजवतेस की पोरीला पळवून लावतेस?"

खालच्या गाळ्यात तोडफोड चालू झालीय. कपड्यांचं मोठं दुकान होणार म्हणे. दिवसभर धडाधड. पुठ्ठे कापताना पट्टी हलत होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

झालं! फिकट पिवळं सुती कापड, उभा धागा उभाच ठेवून. चारही कडा हाडाच्या पट्टीनं घोटून बसवल्या. मधे कापड इतकं ताणून बसलंय की टिचकी मारली तर वाजतं. एकही सुरकुती नाही. कमान नाही, सोनेरी दगड नाहीत, काचा नाहीत. सकाळचं ऊन त्यावर पडल्यासारखी खोली दिसते, आणि खिडकी तर उलट्या बाजूला आहे.

मावशीनं कापडावर टिचकी मारून बघितली. म्हणाली, "तुझ्या हाताला देवानं जरा जास्तच अक्कल दिली. डोक्याला थोडी कमी पडली असेल."

पलंग त्या भिंतीला लावला. साक्षी आणि भिंगरी, दोघी एकमेकींच्या सोबतीला. असं काहीतरी मनात आलं. लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते.

१४ सप्टेंबर, रविवार

भिंगरी काल आली, आज संध्याकाळी गेली. नाव संस्थेतल्या स्वयंपाकीणबाईंनी ठेवलेलं. पाच वर्षांची, एका जागी पाच मिनिटं टिकत नाही. घरभर फिरली, प्रत्येक दार उघडून लावून बघितलं. मावशीच्या चष्म्यातून, पाण्याच्या ग्लासातून, दोन्हींतून घर बघून झालं. मला अजून काहीच म्हणत नाही — ना आई ना मावशी. "अगं ए" म्हणते. मला ते फार आवडतं.

रात्री भिंतीला पाठ लावून झोपली. सकाळी मला म्हणाली, "अगं ए, ही भिंत गरम नाही." मी म्हटलं, भिंती गरम नसतात. म्हणाली, "संस्थेतली असते. स्वयंपाकघर मागे आहे ना."

जाताना वळून बघितलं नाही. मग गाडीत बसल्यावर बघितलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

कापडावर सुरकुती. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे, तिरकी, लांबलचक. माझ्या कामात! कापड कापताना धागा सरकला असणार. मावशी म्हणाली असू दे, कुणाला दिसतंय. मला दिसतंय.

ओलं करून, सोडवून, पुन्हा ताणून बसवलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा सुरकुती. त्याच जागी.

असं कधी झालं नाही. खळ पातळ झाली का? हवा दमट आहे का? की वय झालं? वाचनालयात नवी मुलगी माझ्या हाताखाली दिलीय, तिला मी काल कापड कसं घ्यावं यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. तिनं हे बघितलं तर काय म्हणेल!

२१ सप्टेंबर, रविवार

भिंगरी दोन दिवस राहून गेली. या वेळी एक गंमत काढली. पलंगावर आडवं पडायचं आणि कोपऱ्यात, जिथे कापडाची कड संपते आणि शेजारची भिंत लागते, तिथे नख घालायचं. "अगं ए, इथे माझं नख जातं." शनिवारी दाखवलं. आज म्हणाली, "आता बोट जातं."

बघितलं तर खरंच फट. जुनी घरं, कोपरे उघडतात. कागद भिजवून लगदा केला, खळीत मळून फट भरली. पुस्तकाच्या फाटलेल्या कण्याला भरतो तशी. वाळल्यावर वरून कापडाची पट्टी. कळतही नाही.

ती हिरमुसली. तिचं बीळ मी बुजवलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

खोलीचं दार लागेना झालंय. खालून घासतं, वर फट राहते. २९ला बाई येणार आणि दार असं. सुताराला निरोप ठेवला.

खालचा आवाज बंद झालाय. सुटलो एकदाचे. मावशीला उलट चैन पडत नाही. "इतका गोंगाट करणारी माणसं गप्प झाली की मला फोन लागत नसल्यासारखं वाटतं."

लगदा भरलेल्या फटीच्या शेजारी नवी रेघ. केसाएवढी. लक्ष द्यायचं नाही असं ठरवलंय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काय झालं ते क्रमानं लिहिते.

सुतार सकाळी आला. म्हातारा, कमी बोलणारा. दार बघितलं, रंधा पिशवीतून काढलाच नाही. चौकटीला दोरी धरली. म्हणाला, "ताई, दार फुगलेलं नाही. चौकट तिरकी झालीय. दाराचा दोष नाही."

मग वळून कापडाकडे बघितलं. सुरकुतीवरून बोट फिरवत खालपर्यंत आला. "याच्यामागे काय आहे?"

मी हळू आवाजात सांगितलं, "साक्षीच्या काचा आहेत. त्यांना हात लावू नका."

त्यानं कापडावरून बोट काढून घेतलं. "साक्षी लावल्यात? कुणी लावल्या? आणि तुम्ही त्या झाकल्यात?"

मी म्हटलं, घरमालकांची कुणीतरी असेल, लहान मुलगी, मला नक्की माहीत नाही.

"मुलगी कुठली हो?" तो म्हणाला. "भिंतीला चीर गेली की तिच्यावर काच बसवतात. आम्ही तिला साक्ष म्हणतो. भिंत हलली की काच तडकते. हलत नसेल तर अख्खी राहते. तारीख कशाला लिहितात? कधीपासून अख्खी आहे ते कळावं म्हणून. तुमचे घरमालक ठेकेदार होते ना? मग त्यांनीच लावल्या असणार."

साक्ष. साक्षी. मुलगी नव्हतीच! तीन आठवडे मी एका पोरीसाठी हळहळत होते, ती कधी जन्मलीच नव्हती.

ओलं फडकं घेऊन कड सोडवली. माझाच हात, माझीच खळ, लगेच सुटली. कापड बाजूला केलं. सातही काचा फुटलेल्या. खालच्या दोन तर गळून पुठ्ठ्याच्या चौकटीत तुकडे होऊन पडलेल्या. तीन वर्षं अख्ख्या होत्या, मी झाकल्या तेव्हाही अख्ख्या होत्या. वेलबुट्टीतली जी बारीक रेघ मी नक्षी समजले होते, ती चीर आता काचांमधून वरपर्यंत गेलीय, तिरकी. माझ्या सुरकुतीच्या बरोबर मागे. कापडानं मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी त्याला ताणून गप्प केलं.

सुतार खाली जाऊन आला. गाळ्यातली मधली भिंत काढलीय. आमची कमान तिच्यावरच उभी होती. "आज पडेल की वर्षानं, कुणी सांगू शकणार नाही. पण इथे निजू नका."

घरमालकीणबाई म्हणाल्या, महिना संपला की माणूस पाठवते. खालचा दुकानदार म्हणाला, आमच्याकडे परवानगी आहे. सगळ्यांकडे काहीतरी आहे.

आणि माझ्याकडे तीन दिवस.

२६, संध्याकाळ

संस्थेत फोन केला. नाव न सांगता, सहज विचारल्यासारखं — कुणी मधेच घर बदललं तर? कारकून म्हणाला, फाइल पहिल्यापासून. नवी भेट, नवा अहवाल, तीन महिने तरी.

तीन महिने. मला सोळा दिवस आहेत. आणि भिंगरीसाठी रांगेत पुढचं जोडपं तयार आहे, हे बाईंनीच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं.

सोमवारी सही. मंगळवारी दुसरं घर शोधायला लागेन. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. तीन आठवडे उभी राहिली, चार दिवस नाही राहणार?

२७ सप्टेंबर, शनिवार

कापड परत लावलं.

या वेळी काय झाकतेय ते माहीत होतं. फटीत लगदा भरला, सुरकुती कमी दिसावी म्हणून कापड थोडं सैल सोडलं. फार सुंदर बसलं. माझं आजवरचं सगळ्यांत चांगलं काम असेल.

भिंगरी दुपारी आली, मंगळवारपर्यंत राहणार. पलंग मावशीच्या खोलीत नेलाय. "त्या खोलीत जायचं नाही, रंग ओला आहे" असं तिला सांगितलं. पहिलं खोटं.

मावशी माझ्याशी बोलत नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. नंबर फिरवायला मला वही लागत नाही."

मी तिच्या पाया पडले. खरोखर, खाली बसून. म्हटलं सोमवार होऊ दे. मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, हे एक मागते. ती रडायला लागली. मी नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

दुपारभर बाहेर होतो, बागेत, मग तळ्यावर, मग उगाच रस्त्यानं. घरी जायची वेळ टाळत होते. शेवटी भिंगरीच म्हणाली, "अगं ए, आपण आपल्या घरी कधी जायचं?"

आपल्या घरी.

२९ सप्टेंबर, सोमवार

बाई अकराला आल्या. खोलीच्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे वा, ओळखूच येत नाही!" कापडावरून हात फिरवला. तळवा टेकून. "कुठून करून घेतलंत?" मी म्हटलं, मीच केलं.

मग त्यांनी कागद बघितला. "पण पलंग इथे हवा ना? मुलीची खोली म्हणून हीच लिहिलीय. फोटो लागतो, पलंगासकट."

मावशी दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

पलंग मी आणि बाईंनी मिळून ढकलला. भिंतीला लावला. भिंगरी उडी मारून चढली — उडी! — आणि पाठ टेकून बसली. बाईंनी फोटो काढला. तो नीट आला नाही म्हणून दुसरा. मग त्यांना भिंगरीशी गप्पा मारायच्या होत्या. इथे आवडतं का, काय खातेस, रात्री भीती वाटते का. त्या विचारत होत्या आणि ती उत्तरं देत होती आणि मी हसत उभी होते. नऊ मिनिटं. घड्याळावरून सांगते. त्या नऊ मिनिटांत तिला तिथून उचलायला मला दोन पावलं टाकायची होती. टाकली नाहीत.

सही झाली. बाईंनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. उद्या सकाळी कागद वरिष्ठांकडे जातील, मग संपलं.

बाई जिन्यावर असतानाच भिंगरीनं मला खाली वाकवलं आणि कानात सांगितलं. गुपित म्हणून, मावशीला सांगायचं नाही अशा अटीवर.

"आई, आता अख्खा हात जातो."

आई म्हणाली. आधी मी तेवढंच ऐकलं. बाकीचं नंतर कळलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

फोन मीच केला. मावशीनं नाही. कागद वर जायच्या आत. भिंत, काचा, कापड, फोटो, सगळं सांगितलं. मग पालिकेलाही. दुपारपर्यंत इमारत रिकामी केली, आम्ही समोरच्या फुटपाथवर सामान घेऊन बसलो आहोत. बाई भिंगरीला न्यायला आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. पिशवी तिनं स्वतःच धरली. तिला वाटतं, तिनं गुपित सांगितलं म्हणून मी रागावले आणि तिला परत पाठवते आहे. मी सांगायला गेले तर बाईंनी गाडीचं दार लावलं.

भिंत अजून उभी आहे.